विडी-सिगरेटच्या धुराने गालाच्या आतल्या पेशींचं नेमकं काय होतं?

बर्डीवाला
बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला हा प्रकल्प दरवर्षी कोणी ना कोणी घेतंच. धूम्रपान करणारे काही, न करणारे काही, गालाच्या आतून पेशी खरवडायच्या, मिथिलीन ब्लूचा थेंब टाकायचा आणि अहवालात लिहायचं, 'धूम्रपान करणाऱ्यांच्या पेशींचं केंद्रक मोठं आढळलं.' का मोठं, किती मोठं, ते कोणी विचारत नाही. यंदा मुलांकडून जरा नीट काम करून घ्यायचं आहे, म्हणून इथल्या जाणकारांना विचारतो.

धुराने या पेशींत काय बदलतं आणि त्यातलं साध्या सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसू शकतं? कोणता रंग वापरावा, किती पेशी मोजाव्यात? आणि विषय फक्त धुराचा आहे, तर खर्ऱ्याचं (सुपारी-तंबाखू-चुना घोटून केलेल्या मिश्रणाचं) काय करायचं?

तर्री_पोहे
नागपुरात खर्रा न खाणारा सिगरेटवाला शोधून काढणं हाच खरा प्रकल्प आहे भाऊ. स्लाइडी नंतर बनवा.

पॅपवाली
तर्री_पोहे यांनी गमतीत म्हटलंय, पण सगळ्यात मोठी अडचण तीच आहे. त्यावर खाली येईनच. आधी पेशींबद्दल.

गालाच्या आतलं अस्तर म्हणजे चपट्या पेशींचे एकावर एक थर, सगळे मिळून साधारण अर्धा मिलीमीटर किंवा थोडे जास्त. हिरड्या आणि कडक टाळूवर केराटीनचा (केस-नखांत असतं त्या कठीण प्रथिनाचा) टणक थर असतो, गालाला तो एरवी नसतो. पेशींचं विभाजन होतं ते फक्त तळाशी. तिथे तयार झालेली पेशी वर सरकत, चपटी होत जाते आणि दोन-तीन आठवड्यांत पृष्ठभागावर पोचून गळून पडते. तुमच्या लाकडी पट्टीला लागते ती ही शेवटच्या टप्प्यातली पेशी. ५० ते ८० मायक्रोमीटर रुंद, मधोमध छोटं केंद्रक. म्हणजे आज स्लाइडवर जे दिसतं, त्यातला डीएनएचा बिघाड दोन-तीन आठवड्यांपूर्वी तळाशी झालेला असतो. मुलांना हे आधी समजवा, नाहीतर 'सकाळी सिगरेट ओढली म्हणून दुपारी केंद्रक फुटलं' असं लिहून मोकळे होतील.

आता धूर काय करतो ते.

एक, अस्तर स्वतःला जाड करून घेतं. उष्णता, कोरडेपणा आणि धुरातल्या रसायनांची सततची चिडचिड, त्यामुळे जिथे केराटीन नसायला हवं तिथे ते बनू लागतं. पॅप रंगात (पेशी तपासायची नेहमीची बहुरंगी पद्धत) हे स्वच्छ कळतं. मधल्या थराच्या पेशी निळसर-हिरव्या, वरच्या नेहमीच्या पेशी गुलाबी आणि केराटीन भरलेल्या पेशी नारिंगी. धूम्रपान करणाऱ्याच्या स्लाइडवर नारिंगी पेशींचं प्रमाण वाढतं, केंद्रक नसलेले नुसते पापुद्रेही दिसतात.

दोन, केंद्रकाचं क्षेत्रफळ वाढतं, पेशीचं कमी होतं, म्हणजे दोघांचं गुणोत्तर वाढतं. तुमच्या अहवालातलं ते प्रसिद्ध वाक्य इथून आलं.

तीन, सूक्ष्मकेंद्रकं. तळाच्या पेशीचं विभाजन होताना गुणसूत्राचा तुकडा तुटून मागे राहिला, किंवा अख्खं गुणसूत्रच मागे पडलं, की त्याचं वेगळं छोटं केंद्रक बनतं. मुख्य केंद्रकाशेजारी मोहरीसारखा ठिपका. डीएनएला इजा झाल्याची ही थेट खूण, म्हणून तिघांत सगळ्यात मोलाची. आणि मोजायला सगळ्यात किचकटही हीच.

मायक्रोटोम
पॅपवाली ताईंच्या दुसऱ्या मुद्द्याला अर्धीच सहमती. गुणोत्तर वाढतं हे बरोबर, पण कॉलेजच्या अहवालांतली निम्मी 'मोठी केंद्रकं' धुराने नाही, हवेने मोठी झालेली असतात. ओली स्लाइड अल्कोहोलमध्ये जायच्या आत वाळली की पेशी पसरते, केंद्रक फुगतं आणि कडा पुसट होतात. आपल्या नागपुरात मे महिन्यात पंख्याखाली स्लाइड धरलीत, तर खिशातून पेन काढेपर्यंत ती वाळून खडंग. एका गटाच्या स्लाइडी डिसेंबरात आणि दुसऱ्या गटाच्या एप्रिलमध्ये केल्या असतील, तर मोजलेला फरक ऋतूचा समजा.

उपाय सोपा आहे. ९५ टक्के इथेनॉलची बरणी झाकण काढून टेबलावर तयार ठेवायची, पट्टी स्लाइडवर फिरवली की त्याच क्षणी स्लाइड आत. किमान १५ मिनिटं बुडालेली राहू द्या. पंखा बंद. कूलर तर बंदच.

धरमपेठी
काहून बे, कूलर बंद करून मे महिन्यात प्रॅक्टिकल घेता? परीक्षक आधी वाळतील.

मायक्रोटोम
@धरमपेठी, परीक्षकांना अल्कोहोलमध्ये बुडवायची परवानगी नाही, नाहीतर तोही मार्ग होता.

रेणू_रसायन
तळाच्या पेशीत बिघाड होतो कसा, ते थोडं सांगते.

सिगरेटच्या धुरात सात हजारांहून जास्त रसायनं असतात, त्यांतली सत्तरच्या आसपास कर्करोगकारक. तोंडाच्या दृष्टीने तीन गट लक्षात ठेवा. पहिला बेंझोपायरीनसारख्या बहुचक्री संयुगांचा. बेंझोपायरीन स्वतः फारसं काही करत नाही. त्याला पाण्यात विरघळवून बाहेर टाकायला पेशी जे विकर वापरते, तेच त्याचं रूपांतर एका अतिक्रियाशील इपॉक्साइडमध्ये करतं. ते जाऊन डीएनएमधल्या ग्वानिनला चिकटतं. पेशी विभागायला निघाली की नक्कल करताना त्या जागी चुकीचं अक्षर बसतं, बरेचदा जी च्या जागी टी. हे पी-५३ जनुकात घडलं तर बिघडलेल्या पेशीला थांबवणारा पहारेकरीच जातो. दुसरा गट तंबाखूतल्याच नायट्रोसअमाइनांचा, एनएनके आणि एनएनएन. हे धुरातही असतात आणि चघळायच्या तंबाखूतही. तिसरा अल्डिहाइडांचा, ॲसिटाल्डिहाइड आणि फॉर्मल्डिहाइड. दारूपासूनही तोंडातले जिवाणू ॲसिटाल्डिहाइड बनवतात. शिवाय दारूने अस्तरातून बाकीची रसायनं आत शिरणं सोपं होतं. म्हणून सिगरेट आणि दारू एकत्र असली की धोका नुसत्या बेरजेपेक्षा पुष्कळ जास्त निघतो. प्रश्नावलीत दारूचा रकाना हवाच.

आणि निकोटीन. ते स्वतः कर्करोगकारकांच्या यादीत नाही, पण रक्तवाहिन्या आकसवतं. हिरड्यांतून रक्त येणं कमी होतं आणि माणसाला वाटतं हिरड्या ठणठणीत आहेत. आतून हाड झिजत असतं.

संत्र्याची_फोड
म्हणजे रक्त येत नाही म्हणून खूश होणाऱ्यांनी जास्त घाबरायचं. छान.

गोंदियाकर
सगळे सिगरेट सिगरेट करताहेत, विडी कुठे गेली? आमच्या भंडारा-गोंदियाच्या तेंदूपत्त्यावर देशभर विड्या वळल्या जातात. 'विडीत तंबाखू कमी, कागद नाही, म्हणजे साधी,' हा समज पानठेल्यावर हमखास ऐकू येतो. एका विडीत तंबाखू साधारण पाव ग्रॅमच, सिगरेटच्या तुलनेत फार कमी, हे खरं. पण तेंदूचं पान कागदासारखं सच्छिद्र नाही आणि ते आपोआप जळत राहत नाही. ओढणं थांबलं की विडी विझते. म्हणून विडीवाला घाईघाईने आणि खोल ओढतो. कार्बन मोनॉक्साइड, निकोटीन आणि डांबर तोंडात जातं ते त्या पाव ग्रॅमावरून वाटेल त्याहून जास्त. फिल्टर नाही ते वेगळंच.

प्रकल्पात 'दिवसाला किती' एवढंच विचाराल तर दहा विड्या आणि दहा सिगरेटी एकाच रकान्यात जातील. विडी, सिगरेट आणि हुक्का वेगळे लिहा. किती वर्षं, तेही.

पॅपवाली
+१. हुक्क्याचंही तेच. पाण्यातून धूर थंड होऊन येतो, गाळून येत नाही.

इतवारीकर
अशा प्रत्येक धाग्यावर एक नव्वदीतले आजोबा येतात, जे रोज दोन बंडल ओढून ठणठणीत असतात. यंदा अजून आले नाहीत, म्हणून काळजी वाटली.

धरमपेठी
आजोबा खर्रा घोटून घ्यायला ठेल्यावर गेलेत. येतीलच.

दंतवैदर्भी
खर्ऱ्याकडे आलोच आहोत तर नीट सांगून टाकतो. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून घोटायचा, तो आपला खर्रा. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण ठेल्यावर समोर घोटून मिळणारा खर्रा काही थांबलेला नाही. पेशींच्या दृष्टीने त्याचा मार्ग धुरापेक्षा वेगळा आहे. सुपारीतलं अरेकोलीन अस्तराखालच्या तंतुपेशींना जास्त कोलॅजन बनवायला लावतं. ते वितळणंही मंदावतं. गाल आतून पांढुरका, चामड्यासारखा ताठ होतो, तोंड उघडेनासं होतं, तिखट लागलं की आग होते. सावजी दूरच, साधं वरण झोंबतं. स्वतःची तीन बोटं उभी तोंडात जात नसतील तर दाखवून घ्यावं. हा तंतुमय आजार सुपारीचा, नुसत्या धुराने होत नाही. त्यात भर म्हणजे या आजारात वरचं अस्तर पातळ होतं, धुरात जाड. एकाच गटात दोघे आले तर सरासरी काहीच सांगणार नाही.

तेव्हा बर्डीवाला सर, दोन नाही, चार गट करा. काहीच नाही, फक्त धूर, फक्त खर्रा, दोन्ही. 'फक्त धूर' गटात माणसं कमी मिळाली तरी चालेल, पण भेसळ नको. विचारतानाही 'तंबाखू खाता का?' असं विचारू नका. लोक नाही म्हणतात आणि सुपारी मोजतच नाहीत. खर्रा, पान, नुसती सुपारी, मावा, नस, तंबाखूची मिस्री, एकेक नाव घेऊन विचारा. तोंडात गोळी कुठल्या बाजूला ठेवता, हेही. खर्रा ठेवायची बाजू आणि दुसरी बाजू यांत फरक पडतो. धूर दोन्हीकडे सारखा फिरतो.

सूक्ष्मदर्शी
मुळात गाल ही धुरासाठी योग्य जागा आहे का, असा माझा आक्षेप. ओढलेला धूर आधी टाळूवर आदळतो. धूम्रपान करणाऱ्यांच्या कडक टाळूवर राखाडी-पांढरट थर आणि त्यात लाल ठिपके दिसतात. ते ठिपके म्हणजे लहान लाळग्रंथींची सुजलेली तोंडं. ज्यांची वरची कवळी टाळू झाकते त्यांना हे कवळीखाली होत नाही. म्हणजे झाकलेला भाग वाचतो. तिथूनच नमुना का घेऊ नये?

पॅपवाली
कारण टाळूला मुळातच केराटीन असतं. न ओढणाऱ्याच्या टाळूवरही नारिंगी पेशी आणि पापुद्रे मिळतील, मग तुलना कशाशी करणार? शिवाय टाळूचा तो बदल मुख्यतः उष्णतेचा आहे. फार गरम पेय पिणाऱ्यांतही दिसतो. तो स्वतः कर्करोगपूर्व मानत नाहीत, सोडल्यावर बहुधा जातोही. अपवाद उलट्या चुट्ट्याचा. आंध्रच्या किनारपट्टीला, श्रीकाकुलमच्या बाजूला पेटतं टोक तोंडात धरून ओढतात. तिथला टाळूचा बदल मात्र गंभीर असतो.

सूक्ष्मदर्शी
मान्य. मग निदान गालाच्या मधोमधून घ्या, ओठांच्या कोपऱ्यालगत नको आणि दात मिटल्यावर जी आडवी पांढरी रेघ उमटते तिच्यावर तर नकोच. दातांच्या घासण्याने तिथे एरवीही केराटीन असतं.

दंतवैदर्भी
अवांतर: हिरड्या काळ्या पडतात, विशेषतः पुढच्या दातांवरच्या, त्यालाही धूर कारण असतो. तळथरातल्या रंगपेशी जास्त मेलॅनिन बनवू लागतात. आपल्याकडे हिरड्यांचा रंग जात्याच गडद असू शकतो, त्यामुळे नुसत्या रंगावरून कोणाला पकडू नका.

तर्री_पोहे
घरी वाचून दाखवलं. आता सगळे आरशात हिरड्या बघताहेत, पोहे थंड.

स्लाइडबॉक्स
रंगाबद्दल. मिथिलीन ब्लू फक्त ओळखीपुरता, मोजणीला नको. गिम्सा स्वस्त आणि चटकन होतो. सूक्ष्मकेंद्रकं त्यातही दिसतात, आमच्याकडे तोच वापरतात.

मायक्रोटोम
गिम्साला माझा ठाम विरोध. गिम्सा डीएनए सोडून केराटीनच्या कणांनाही रंगवतो आणि गालाला चिकटलेल्या जिवाणूंनाही. धूम्रपान करणाऱ्यांत केराटीन जास्त, म्हणजे खोटी सूक्ष्मकेंद्रकंही नेमकी त्याच गटात जास्त. चूक दोन्ही गटांत सारखी असती तर गोष्ट वेगळी होती. ही चूक आपल्याला हव्या त्या दिशेला झुकते, म्हणून ती जास्त वाईट.

फॉयलगेन पद्धतीने रंगवा. त्यात फक्त डीएनए रंगतो. स्लाइड १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात ६० अंशांवर ८ ते १० मिनिटं, थंड पाण्याने धुवा, शिफ द्रावणात अंधारात तासभर, पुन्हा धुवा, मग फास्ट ग्रीनमध्ये काही सेकंद. केंद्रक किरमिजी, बाकी पेशी हिरवट. फसतं ते दोन जागी. आम्लात जास्त वेळ राहिली तर डीएनएच निघून जातो आणि रंग फिका येतो, कमी राहिली तर शिफ पकडतच नाही. दुसरं म्हणजे शिफ द्रावण आधीच गुलाबी झालेलं असेल तर ते मेलेलं आहे, फेकून द्या. ताजं द्रावण रंगहीन किंवा जेमतेम पिवळसर असतं.

स्लाइडबॉक्स
६० अंशांचं पाणीघमेलं सगळ्या कॉलेजांत चालू असेलच असं नाही हो.

रेणू_रसायन
नसेल तर ५ नॉर्मल आम्ल खोलीच्या तापमानाला. पण त्याची वेळ आधी तीन-चार फालतू स्लाइडींवर जुळवून घ्यावी लागेल. खोलीचं तापमान म्हणजे इथे जानेवारीत एक आणि मे महिन्यात भलतंच.

स्लाइडबॉक्स
बरं, पटलं. केराटीन नेमकं त्याच गटात जास्त, या मुद्द्यावर हरलो.

पॅपवाली
मोजणीचे नियम देते, वाचनखूण साठवून ठेवा. सूक्ष्मकेंद्रकाचा व्यास मुख्य केंद्रकाच्या एक तृतीयांशाहून कमी. पोत आणि रंग मुख्य केंद्रकासारखाच. फोकस किंचित वर-खाली केला तर दोन्ही एकाच पातळीवर दिसली पाहिजेत. ठिपका वेगळ्या पातळीवर चमकत असेल तर तो कचरा. मुख्य केंद्रकाला चिकटलेला नको, मध्ये पूल नको. पेशी एकट्या, कडा स्पष्ट. एकमेकींवर चढलेल्या किंवा घडी पडलेल्या सोडून द्या. केंद्रक विरघळत चाललंय, तुकडे झालेत किंवा आकसून काळा गोळा झालाय, अशा मरत्या पेशींत सूक्ष्मकेंद्रक शोधू नका. त्या पेशी वेगळ्या रकान्यात मोजा, धुरात त्यांचंही प्रमाण बदलतं. ४० च्या भिंगाने शोधा, शंका आली की तेल टाकून १०० ने खात्री करा.

बर्डीवाला
किती पेशी मोजाव्यात? मुलं शंभर म्हणताहेत.

आकडेबहाद्दर
शंभरात काही हाती लागणार नाही. निरोगी, तंबाखू नसलेल्या माणसात सूक्ष्मकेंद्रक हजार पेशींमागे एखाद-दोन. हजारात सरासरी एक धरली, तर हजार मोजूनही एकही न सापडण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के. दोन हजार मोजल्या तर १४ टक्क्यांच्या खाली. शंभर मोजल्या तर दहातल्या नऊ जणांत शून्य. मग एका मुलाला एक सापडलं की तो जगाला 'दसपट वाढ' सांगणार. माणशी दोन हजार मोजा. वेळ लागतो, म्हणून माणसं कमी घ्या पण पेशी पुऱ्या मोजा.

आणि फार मोठ्या फरकाची आशा ठेवू नका. नुसत्या सिगरेटचा सूक्ष्मकेंद्रकांवरचा परिणाम लोकांना वाटतो त्यापेक्षा सौम्य असतो. फार ओढणाऱ्यांत तो ठळक दिसतो, दिवसाला चार-पाच ओढणाऱ्यांत गोंगाटात हरवू शकतो. मुलांना फरक नाही मिळाला तर 'प्रयोग फसला' म्हणून गुण कापू नका.

इतवारीकर
म्हणजे चार-पाच चालतात?

दंतवैदर्भी
नाही भाऊ. हाच तर घोळ होतो. एवढ्या स्लाइडींत फरक दिसला नाही याचा अर्थ इजा झाली नाही असा होत नाही. आणि स्लाइड स्वच्छ आली म्हणून तोंड स्वच्छ आहे असंही नाही. पट्टीला वरच्या पेशी लागतात, दुष्परिवर्तन (पेशी कर्करोगाकडे झुकणं) सुरू होतं तळाच्या थरांत. पुसून न निघणारा पांढरा डाग, त्याहून काळजीचा लाल मखमली डाग, किंवा दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम असेल तर खरवडून भागत नाही, तुकडा काढून तपासावा लागतो. नागपूरच्या मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात तोंड तपासून मिळतं. प्रकल्पात कोणाच्या तोंडात असं काही दिसलं तर त्याला तिकडे पाठवायचं, तिथे पट्टीही फिरवू नका.

संत्र्याची_फोड
सोडल्यावर पेशी पूर्ववत होतात का?

रेणू_रसायन
वरचं अस्तर दोन-तीन आठवड्यांत नवं येतं, त्यामुळे केराटीन आणि सूक्ष्मकेंद्रकं पुढच्या आठवड्या-महिन्यांत उतरू लागतात. धुराने आलेले बरेच पांढरे डागही मावळतात. हिरड्यांचा काळेपणा जायला मात्र वर्ष किंवा जास्त लागतं. तळाच्या मूळपेशींत बसलेली जनुकीय चूक अशी गळून पडत नाही. तोंडाच्या कर्करोगाचा वाढीव धोका निम्म्यावर यायला ५ ते १० वर्षं जातात. सोडायचं असेल तर राष्ट्रीय क्विटलाइनचा क्रमांक १८००-११-२३५६, पैसे लागत नाहीत. 'आधी सोडलेले' हा तुमच्यासाठी वेगळा गट, त्यांना 'न ओढणाऱ्यां'त ढकलू नका.

बर्डीवाला
सगळ्यांना दंडवत. आता असं ठरवतोय: चार गट, माणशी दोन हजार पेशी, फॉयलगेन. शिवाय प्रत्येकाची एक स्लाइड पॅपला, केराटीनसाठी. केंद्रकाचं माप घेणार, पण स्लाइड वाळू न देता. काही राहिलं?

पॅपवाली
नमुन्याआधी साध्या पाण्याने दोनदा चूळ. अन्नाचे कण आणि जिवाणू कमी होतात. पट्टी ओली करून घ्या, कोरडी टोचते. पहिलं खरवडणं टाकून द्या, त्यात मेलेले पापुद्रेच जास्त. दुसरं स्लाइडवर. प्रत्येकाला नवी पट्टी, हातमोजे, वापरलेल्या पट्ट्या हायपोक्लोराइटमध्ये. माणसांचे नमुने आहेत, तेव्हा नैतिकता समितीची मंजुरी आणि प्रत्येकाची लेखी संमती आधी.

मायक्रोटोम
मापाआधी नेत्रिकेतली (डोळ्याकडच्या भिंगातली) पट्टी मंच-मापकाशी (मंचावर ठेवायच्या मापाच्या काचपट्टीशी) जुळवा. मापकावरचा एक भाग १० मायक्रोमीटर. ४० च्या भिंगाखाली नेत्रिकेचे ४० भाग मापकाच्या १० भागांवर बसले, तर नेत्रिकेचा एक भाग अडीच मायक्रोमीटर. भिंग बदललं की पुन्हा जुळवणी. सूक्ष्मदर्शक बदलला तरी पुन्हा.

आकडेबहाद्दर
मोजणाऱ्याला गट कळता कामा नये. स्लाइडवर फक्त क्रमांक, यादी सरांच्या कपाटात.

स्लाइडबॉक्स
आणि तो क्रमांक शिसपेन्सिलीने, स्लाइडच्या खरखरीत टोकावर. मार्करने लिहिलेलं इथेनॉलमध्ये धुऊन जातं, मग कोणता विडीवाला आणि कोणता साधा, सगळे सारखेच.

तर्री_पोहे
सर, 'काहीच नाही' गटात माझं नाव घ्या. तर्री मोजत नसाल तर.

पॅपवाली
तर्री आदल्या रात्रीपर्यंत चालेल. सकाळी नमुना द्यायच्या आधी नको, तेलाने पेशी स्लाइडला चिकटत नाहीत.